पूल समजून घेताना (लेखांक ६) : टेबल तिरके, निकाल कोणाचा?

मागच्या आठवड्यात आपण ब्रेक पाहिला. आज टेबलाकडे वळू. “दोघंही त्याच टेबलावर खेळतात, मग अन्याय कसला?” हे वाक्य वर्धा-हिंगणघाटकडच्या खेळणाऱ्यांनाही नवे नसेल. मला ते पटत नाही. का, ते हिशेबानेच पाहू.

नऊ फुटी टेबलावर खेळायची जागा २५४ बाय १२७ सेंटिमीटर असते. समजा, तिच्या रुंदीत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फक्त २ मिलिमीटर उतार आहे. तो नजरेला कळणारही नाही. पण लांबीच्या दिशेने हळू मारलेला बॉल ३ सेकंद घरंगळला, तर तेवढ्यात तो सुमारे ५ सेंटिमीटर बाजूला सरकतो. बॉलचा व्यास ५.७ सेंटिमीटर आणि कोपऱ्यातल्या पॉकेटचे तोंड साधारण साडेअकरा. म्हणजे अचूक मारलेला बॉलही आत जात नाही. तोच बॉल जोरात मारून सेकंदभरात पोचवला, तर सरक जेमतेम अर्धा सेंटिमीटर राहते.

खरे नुकसान इथे सुरू होते. रोज अशा टेबलावर खेळणारा मुलगा प्रत्येक बॉल ठोकायला शिकतो, कारण तिथे ठोकल्यानेच काम होते. हळुवार स्ट्रोक, पुढच्या बॉलसाठी पांढरा बॉल हवा तिथे थांबवणे, हे त्याच्या हाताला लागतच नाही. मग नागपूर-मुंबईच्या चांगल्या टेबलावर त्याचे जोरकस बॉल पॉकेटच्या कडांवर आपटून बाहेर येतात. त्याची मेहनत कमी नव्हती. टेबलानेच त्याला चुकीचे शिकवले.

न्यायाचेही तसेच. टेबल कुठे ओढते हे तिथे रोज खेळणाऱ्याला पाठ असते, पुलगावहून आलेल्या पाहुण्याला नसते. कॅरमच्या बोर्डाखाली कागदाची घडी सरकवणारे आपण पूलच्या टेबलाला मात्र सूट देतो.

बॉलचे दुखणे जरा वेगळे. प्रत्येक फटका पांढऱ्या बॉललाच बसतो, म्हणून बहुधा तोच आधी झिजतो. व्यास ५६ मिलिमीटरवर आला की त्याचे वजन जवळपास ६ टक्क्यांनी घटते. मग समोरासमोरच्या टकरीत, फिरकी नसतानाही, तो जागीच थांबण्याऐवजी थोडा मागे येतो. १८७५ साली जबलपूरला स्नूकरचा जन्म झाला तेव्हा बॉल हस्तिदंती असत आणि हवेप्रमाणे त्यांचा आकार बदलत असे. आजचे फिनॉलिक रेझिनचे बॉल ते सोसतात. कापड सोसत नाही. वर्ध्याच्या कोरड्या मे महिन्यात सराव केलेला स्ट्रोक ऑगस्टच्या दमट कापडावर तोकडा पडतो. मात्र हा बदल दोघांनाही सारखाच असतो, म्हणून मी त्याला उताराइतका दोष देणार नाही.

स्पर्धा भरवणाऱ्यांनी करंडकाआधी स्पिरिट लेव्हलवर खर्च करावा. टेबलाच्या लांबीत आणि रुंदीत, दोन्ही बाजूंनी एक बॉल अगदी हळू सोडून पाहावा. तो वळला, तर पायांची उंची जुळवावी. बॉल धुवावेत, पांढरा बॉल इतरांशेजारी ठेवून मापावा. आणि टेबल सुधारणे शक्यच नसेल, तर एका फ्रेमवर निकाल लावू नये. सात फ्रेम खेळवाव्यात आणि पाहुण्याला आधी पंधरा मिनिटे सरावाला द्यावीत.

पुढच्या आठवड्यात : क्यूची टिप आणि चॉक.