वेग अडतो, ऊर्जा वाढते

भूम-परंड्याकडे एखाद्या बाईला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे निदान झाले की घरात पहिला प्रश्न निघतो, ‘शेक द्यावा लागेल का?’ आणि लगेच दुसरा, ‘त्याने ती आतून भाजणार तर नाही ना?’ धाराशिव जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेल्या बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलला हे प्रश्न नवे नाहीत. १९९९ पासून याच जिल्ह्यातल्या १ लाख ३१ हजारांहून अधिक महिलांवर झालेल्या तपासणी-अभ्यासात या रुग्णालयाचा मोठा वाटा होता. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे त्यातून जगाला कळले.

‘शेक’ हा शब्दच मुळात फसवा आहे. किरणोपचाराच्या एका खेपेने शरीराचे तापमान एका अंशाच्या हजाराव्या भागानेही वाढत नाही. काम करते ती वेगळीच ऊर्जा.

लिनॅक यंत्रात सूक्ष्मलहरी इलेक्ट्रॉनला नळीतून ढकलतात. ढकलणे म्हणजे कार्य, आणि कार्य झाले की गतिज ऊर्जा वाढते. वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, त्याचे निम्मे, हे शाळेतले सूत्र बैलगाडीला चालते, एसटीलाही चालते. इथे ते कोलमडते. ६० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनचा वेग त्या सूत्राने प्रकाशाच्या जवळजवळ पाचपट येतो. प्रत्यक्षात तो प्रकाशवेगाच्या ९९.७ टक्केच असतो.

आइन्स्टाइनच्या सापेक्षतेनुसार स्थिर इलेक्ट्रॉनमध्येच ५ लाख ११ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा साठलेली असते. बाहेरून तेवढेच कार्य केले की वेग प्रकाशाच्या ८७ टक्क्यांवर जातो, १० लाखांवर ९४ टक्के होतो. पुढचे ५० लाख ओतून वेगात भर पडते ती जेमतेम साडेपाच टक्क्यांची. मग ती ऊर्जा गेली कुठे? १९६४ मध्ये अमेरिकेत विल्यम बर्टोझी यांनी असे इलेक्ट्रॉन अ‍ॅल्युमिनियमच्या चकतीवर थांबवून उष्णता मोजली. वेग अडला होता, पण ऊर्जा सगळी हिशेबात होती.

यंत्र बांधणाऱ्यांना हे सोयीचेच पडते. नळीतले सुरुवातीचे काही कप्पे वेगवेगळ्या लांबीचे ठेवावे लागतात. पुढे वेग बदलतच नाही, म्हणून कप्पे सारखे.

नळीच्या टोकाला इलेक्ट्रॉन टंगस्टनवर आदळतात आणि क्ष-किरण निघतात. जुन्या, कमी व्होल्टच्या यंत्रांचा सर्वाधिक मारा कातडीवरच होई. ६० लाख व्होल्टच्या किरणांचा तो त्वचेखाली सुमारे दीड सेंटिमीटरवर होतो, आणि दहा सेंटिमीटर खोलीवरही त्याचा दोन तृतीयांश भाग पोहोचतो. गर्भाशयमुख खोल असते, त्यामुळे वेगवेगळ्या दिशांनी किरण सोडून तिथे मारा एकवटता येतो.

थकवा, जुलाब, लघवीची जळजळ असा त्रास काहींना होतो, तो डॉक्टरांना सांगावा. पण यंत्र बंद झाले की दिवा मालवावा तसे किरण संपतात. अंगात काही उरत नाही, नातवाला मांडीवर घ्यायला हरकत नाही. बाहेरून साधारण २५ खेपा, आठवड्याला पाच, आणि नंतर आतून द्यायचा उपचार, हे सारे आठ आठवड्यांच्या आत संपावे लागते. सोयाबीनच्या काढणीसाठी मध्येच घरी थांबलेल्या बाईचा आजार मात्र थांबत नाही. लांबलेल्या उपचारात तो पुन्हा उलटण्याची शक्यता वाढते.