चाकांवरचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे म्हणतात. माणसाचे बिऱ्हाड पाठीवर मावत नाही. म्हणून फार पूर्वीच त्याने ते चाकांवर चढविले. बैलगाडीच्या काळी दूरच्या जत्रेला निघालेली कुटुंबे गाडीवर छप्पर घालीत. आत शिधा, भांडी, अंथरुणे आणि बैलांची वैरण भरीत. आणि दिवस मावळला की नदीकाठी गाडी सोडून तीन दगडांच्या चुलीवर भाकरी भाजीत. आज तीच गाडी यंत्राच्या बळावर चालते. निजण्याच्या फळ्या, पाण्याची टाकी, चिमुकले स्वयंपाकघर आणि शौचकूप असलेल्या या मोटारीस कॅरॅव्हॅन म्हणतात. हा शब्द मूळचा फारसी. 'कारवान' म्हणजे वाळवंटातून जाणारा व्यापाऱ्यांचा तांडा. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली अशा गाड्यांच्या प्रवासासाठी स्वतंत्र धोरणही आखले.

समजा, वसई तालुक्यातील चांदीप गावच्या पाच माणसांच्या एका कुटुंबाने अशी गाडी भाड्याने घेऊन सह्याद्रीतील चांदोली राष्ट्रीय उद्यान पाहावयाचे ठरविले. चांदीपच्या मुलांना रान नवे नाही. तुंगारेश्वरचे डोंगर त्यांच्या परिसरातलेच आहेत, आणि तेथे २००३ सालापासून अभयारण्य आहे. परंतु अभयारण्य वेगळे व राष्ट्रीय उद्यान वेगळे. अभयारण्यात आसपासच्या लोकांचे काही हक्क कायद्याने राहू शकतात. राष्ट्रीय उद्यानात गुरे चारण्यासही मनाई असते. चांदोलीला हा दर्जा २००४ साली मिळाला. तिचे क्षेत्र सुमारे ३१८ चौरस किलोमीटर असून ते सांगली, सातारा, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांच्या सीमांवर पसरले आहे. वारणा नदी याच रानात उगम पावते व पुढे धरणाने अडून वसंतसागर नावाचा जलाशय होते. २०१० साली हे उद्यान कोयना अभयारण्यासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आले, आणि २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत त्याची गणना झाली. येथे पूर्वी वस्तीची गावे होती. धरण आणि जंगल यांसाठी त्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्यांची घरे सोडली, हे येथे फिरावयास येणाऱ्याने जाणून असावे.

बेत आखताना पहिला प्रश्न येतो तो ऋतूचा. पावसाळ्यात येथे धो धो पाऊस कोसळतो, वाटा निसरड्या होतात, जळवा पायांना लागतात आणि उद्यान प्रवाशांस बंद असते. म्हणून हिवाळाच बरा.

दुसरा प्रश्न अंतराचा. चांदीपहून ठाणे, पुणे, सातारा, कराड आणि तेथून शेडगेवाडी, आरळा यांवरून वारणावती हा रस्ता सुमारे ४०० किलोमीटर भरतो. लहान मोटार जो वेग धरील तो ही जड गाडी धरू शकत नाही. घाट, गर्दी आणि विश्रांती जमेस धरून ताशी सरासरी ४० किलोमीटर मानले, तर दहा तास झाले. एका दिवसात हे अंतर काटण्याचा हट्ट धरल्यास शेवटची अरुंद वळणे नेमकी अंधारात येतात, आणि तोवर चालकाचे डोळे मिटू लागलेले असतात. त्यापेक्षा कराडला, कृष्णा आणि कोयना जेथे समोरासमोर येऊन मिळतात त्या गावी, पहिली रात्र काढावी.

पाण्याचा हिशेब मुलांनीच करावा असा सोपा आहे. पिणे, रांधणे आणि हातपाय धुणे मिळून माणशी रोज १५ लिटर धरले, तर पाच माणसांस दिवसाला ७५ आणि दोन दिवसांस १५० लिटर पाणी लागते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम. म्हणजे दोन धिप्पाड माणसे जादा बसविल्यासारखेच झाले! त्यातही अर्धी भरलेली टाकी अधिक त्रास देते, कारण वळणावर आतले पाणी एका बाजूस धावते व गाडीला आपल्याबरोबर ओढते. म्हणून टाकी नेहमी खाली व मध्यभागी असते. तांदळाची पिशवी, भांडी आणि इतर जड सामानही जमिनीलगतच ठेवावे. वरच्या कप्प्यात पांघरुणे पुरेत. गाडी चालू असताना फळीवर कोणी निजू नये. सर्वांनी आसनावर पट्टे बांधून बसावे.

परतीच्या वाटेवर बोरघाट उतरावा लागतो. उतारावर काही टनांची गाडी केवळ ब्रेक दाबून आवरू गेले, तर घर्षणाने ब्रेक तापतात, आणि फार तापले की त्यांची पकड सुटते. म्हणून जाणता चालक उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकतो. मग यंत्रच चाकांना मागे धरून ठेवते आणि ब्रेकना थंड होण्यास उसंत मिळते.

चांदीप समुद्रसपाटीपासून फारसे उंच नाही. उद्यानाची भूमी मात्र सुमारे ६०० ते १,००० मीटर उंच आहे. दर १,००० मीटर चढले की हवा साधारणपणे सहा अंशांनी गार होते. शिवाय उंचीवर हवेचा दाब कमी असल्यामुळे पाणी सुमारे ३०० मीटरांमागे एक अंश लवकर उकळते. उकळी लवकर फुटली म्हणून स्वयंपाक लवकर होतो असे मात्र नाही; पाणीच कमी तापलेले असल्यामुळे डाळ उलट उशिरा शिजते. प्रेशर कुकर नेला की ही अडचण उरत नाही.

खरी सावधगिरी हवी ती रात्री. थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी गाडीत घेऊन दारे-खिडक्या लावणे म्हणजे मृत्यूला आत घेऊन दार लावण्यासारखे आहे. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. निजलेला माणूस जागा न होताच त्याला बळी पडतो. स्वयंपाकाचा वायू हवेपेक्षा जड असतो, म्हणून गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. गाडीच्या तळाजवळची झरोकी याचसाठी ठेवलेली असतात. थंड वारा येतो म्हणून त्यांत चिंध्या कोंबू नयेत. ऊब हवी असेल तर घोंगडी न्यावी.

रात्रीचा मुक्काम उद्यानाबाहेर, वारणावतीच्या परिसरात, परवानगी घेऊन करावा. उद्यानात दिवसा, वनखात्याच्या परवान्याने आणि वाटाड्यास बरोबर घेऊन जावयाचे असते. सूर्यास्तापूर्वी बाहेर पडलेच पाहिजे. आत अंजनी, जांभूळ, हिरडा यांची दाट झाडी आहे, आणि मध्येच झोळंबीच्या सड्यासारखे जांभ्या खडकाचे उघडे पठार लागते. गवा, सांबर, भेकर, अस्वल आणि बिबळ्या ही येथली जनावरे. गवा दिसावयास शांत; पण त्याच्या वाटेत गाडी आडवी घालण्याइतका मूर्खपणा दुसरा नाही. तो जाईपर्यंत यंत्र बंद करून गप्प बसावे. हिवाळा सरता सरता सड्यावरचे गवत वाळून कोळ होते. तेथे एक जळती काडी पडली तरी वणवा पेटतो. मुक्कामी माकडांना खाणे घालू नये. एकदा चटक लागली की ती पुढच्या प्रवाशांच्या हातातली पिशवी हिसकावतात.

भांडी धुतलेले पाणी गाडीखालच्या दुसऱ्या टाकीत साठते. ते ओढ्यात सोडून देण्याचा मोह होतो, कारण भरलेली टाकी घाटातून वागविणे जिवावर येते. पण चांदोलीचा ओढा वारणेला मिळतो, आणि वारणेचे पाणी खालच्या किती तरी गावांच्या घागरींत जाते. तेव्हा टाकी तशीच परत आणावी. शौचकूपाचा मैला योग्य ठिकाणीच रिकामा करावा लागतो. भांड्यांचे पाणी मात्र, साबण बेताने वापरला असेल तर, चांदीपला पोचल्यावर परसातल्या केळीच्या आळ्यात ओतता येते.