यंत्र ऊब देतं, राखण आपणच करायची

मी लालबागहून बोलतेय. लालबाग म्हणजे जुनं गिरणगाव. इथल्या चाळींतल्या बायकांचा एक पाय मुंबईत आणि दुसरा कोकणात, नाहीतर घाटावर. त्यामुळे आमच्या बचत गटाच्या बैठकीत गावच्या कोंबड्यांचाही विषय निघतो. हल्ली एक प्रश्न हमखास येतो, "गणपतीला जाताना अंडी उबवायचं ते टेबलावरचं यंत्र गावच्या गटासाठी नेऊ का?" आज त्याबद्दलच बोलू.

आधी यंत्र कशाला हवं ते बघू. गावरान कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ८० अंडी देते. ती खुडूक झाली की २१ दिवस अंड्यांवर बसते, मग पिल्लं घेऊन फिरते. तेवढे दिवस अंडी बंद. शिवाय तिच्या पोटाखाली दहा-बारा अंडीच मावतात. यंत्रात एका वेळी ५० अंडी ठेवता येतात आणि कोंबडी लवकर पुन्हा अंड्यावर येते. फायदा आहे तो एवढाच.

ही युक्ती नवी नाही. इजिप्तमध्ये फार जुन्या काळापासून मातीच्या मोठ्या भट्ट्यांत गवत आणि शेण जाळून अंडी उबवत. तिथले कारागीर अंडं डोळ्याच्या पापणीला लावून उष्णता ओळखत. म्हणजे ऊब भट्टीची, पण लक्ष माणसाचं. आपल्या यंत्राचंही तसंच आहे. खुडूक कोंबडी ऊब देते, अंडी फिरवते, ओल राखते आणि जागची हलत नाही. ही सगळी कामं आता आपल्याकडे येतात.

पहिलं काम अंडी निवडायचं. आमच्या लालबागच्या दुकानात मिळतं ते फार्मचं अंडं कितीही उबवलं तरी फुटणार नाही, कारण तिथे कोंबडाच नसतो. आठ-दहा कोंबड्यांमागे एक धडधाकट कोंबडा असेल तिथलीच अंडी घ्या. वनराजा, गिरिराजा या संकरित जाती आहेत. त्यांच्या अंड्यांतून येणारी पिल्लं आईबापांसारखीच निघतील असं नाही, म्हणून उबवायला गावरान अंडी बरी. सात दिवसांच्या आतली, मध्यम आकाराची, तडा नसलेली अंडी निवडा. टोक खाली करून थंड जागी ठेवा. अंडी धुऊ नका, कवचावरचा नैसर्गिक थर निघून जातो. आजारी कोंबडीचं अंडं तर नकोच, काही रोग अंड्यातूनच पिल्लात उतरतात.

दुसरं काम उष्णतेचं. आत पंखा असेल तर ३७.५ अंश सेल्सिअस ठेवा. पंखा नसेल तर अंड्यांच्या वरच्या बाजूला ३८ ते ३८.५ अंश लागतात. यंत्रावरच्या आकड्यावर डोळे मिटून भरवसा ठेवू नका. घरातलं ताप मोजायचं डिजिटल थर्मामीटर आत ठेवून आकडा ताडून बघा. अंडी ठेवण्याआधी यंत्र एक दिवस रिकामं चालवा. थोडा वेळ ऊब कमी झाली तर अंडं तग धरतं, पण उष्णता ४० च्या वर गेली तर पिल्लू आतच मरतं. म्हणून यंत्र उन्हात, पत्र्याखाली किंवा चुलीजवळ नको.

तिसरं काम ओल राखायचं. पहिले १८ दिवस आर्द्रता ५० ते ५५ टक्के ठेवा. त्यासाठी यंत्राच्या खाचेत पाणी घालायचं. शेवटचे तीन दिवस ती ६५ ते ७० पर्यंत न्या. तेव्हा हवा कोरडी पडली तर आतला पापुद्रा पिल्लाला चिकटतो आणि ते बाहेर येऊ शकत नाही.

चौथं काम अंडी फिरवायचं. पेन्सिलीने एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढा आणि हात धुऊन दिवसातून तीन किंवा पाच वेळा अंडी उलटा. यंत्र आपोआप फिरवत असलं तरी रोज एकदा बघा. सातव्या रात्री अंधारात अंड्यामागे टॉर्च धरा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर जीव आहे. अंडं स्वच्छ दिसलं किंवा आत नुसतं लाल कडं दिसलं तर ते काढून टाका, सडलं तर बाकीचीही बिघडतील. अठराव्या दिवसापासून फिरवणं बंद आणि झाकणही बंद.

एकविसाव्या दिवसाच्या आसपास कवचाला भोक पडतं. आता धीर धरा. भोक पडल्यावर बाहेर यायला पिल्लाला १२ ते २४ तास लागू शकतात. दया येऊन कवच सोलू नका. आतल्या शिरांत अजून रक्त असतं, त्या तुटल्या तर पिल्लू दगावतं. अंड्यातला उरलेला बलक पिल्लाच्या पोटात गेलेला असतो, म्हणून पहिला दिवस दाण्यावाचून त्याचं अडत नाही. अंग सुकलं की मगच बाहेर काढा.

पण काम तिथे संपत नाही. पहिला आठवडा पिल्लांना ३३ ते ३५ अंश ऊब लागते, पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी करायची. पिल्लं दिव्याखाली गोळा झाली तर त्यांना थंडी वाजतेय, दूर पळाली तर उकडतंय. मानमोडीची पहिली लस पहिल्याच आठवड्यात द्यायची असते. पशुसखीला आधीच सांगून ठेवा.

आता विजेचं बघू. यंत्र गणपतीत गावी पोचतं, पण तेव्हा पाऊस असतो आणि दिवे जातात. म्हणून पहिली खेप पाऊस सरल्यावर लावा. १२ व्होल्टच्या बॅटरीवरही चालणारं यंत्र मिळालं तर उत्तम. वीज गेलीच तर झाकण उघडू नका, वरून गोधडी टाका, मात्र हवेची भोकं मोकळी ठेवा. खर्चाचं म्हणाल तर ६० वॅटचं यंत्र अखंड चाललं तरी २१ दिवसांत साधारण ३० युनिट वीज जाते.

गटाच्या पैशातून यंत्र घ्यायचं असेल तर ५० अंडी म्हणजे ५० पिल्लं असा हिशेब मांडू नका. समजा सातव्या दिवशी १० अंडी बाद झाली आणि शेवटी ५ फुटली नाहीत, तर हाती ३५ पिल्लं आली. अंड्यांचे पैसे ५० चे गेले, वर वीज, खाद्य आणि लस. पहिली खेप २० अंड्यांचीच लावा. किती ठेवली, किती बाद झाली, किती फुटली, महिन्याने किती जगली, हे गटाच्या वहीत लिहा. महिन्याचा आकडा पटला तरच ५० ची खेप लावा.

पुढच्या बैठकीत यंत्राच्या किमतीआधी पाळ्या ठरवा. सकाळी अंडी कोण फिरवणार, दुपारी पाणी कोण बघणार, रात्री वीज गेली तर कोण उठणार. एकाच ताईवर २१ दिवसांचा भार टाकू नका, तिला घर आहे, शेत आहे. तिन्ही कामांपुढे नावं लिहून झाली की मगच पैशाचा ठराव करा.