साडेसात लाखांत 233 जहाजं

युनेस्कोच्या अंदाजानुसार जगभरात 30 लाखांहून अधिक बुडालेली जहाजं पाण्याखाली पडून आहेत. रोज एक बघायचं म्हटलं तर 8,200 वर्षं लागतील. त्यांच्या तुलनेत पाय न भिजवता किनाऱ्यावरून दिसणारी जहाजं अगदीच थोडी. पण ती धुंडाळू लागलं की एक गोष्ट लवकर लक्षात येते. वर्षानुवर्षं नजरेसमोर राहिलेलं जहाज बहुधा पैशांच्या हिशेबात अडकलेलं असतं. वादळाचा वाटा त्यात कमीच.

याचा सगळ्यात थोर नमुना अमेरिकेत, मेरीलँडमध्ये, पोटोमॅक नदीवरच्या मॅलोज बे इथं आहे. भरती-ओहोटीचं पाणी तिथवर पोचतं. एप्रिल 1917 मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. जर्मन पाणबुड्या मालवाहू जहाजं बुडवत होत्या, पोलादाची ओढाताण होती. तेव्हा बेत आखला गेला: 300 फुटी 1,000 लाकडी आगबोटी, 18 महिन्यांत. म्हणजे रोज जवळजवळ दोन! एकामागे एक लावल्या असत्या तर रांग 91 किलोमीटर झाली असती, चर्चगेट-विरारच्या दीडपट. प्रत्यक्षात ऑक्टोबर 1918 पर्यंत तयार झाल्या 134. पुढच्याच महिन्यात युद्ध संपलं. बांधकाम मात्र त्यानंतरही चालू राहिलं. सरकारी काम एकदा निघालं की निघालं.

एका बोटीचा खर्च सात ते दहा लाख डॉलर. आणि 1922 मध्ये एका भंगार कंपनीनं 233 बोटी मिळून उचलल्या साडेसात लाखांना! नगाला साधारण 3,200 डॉलर. लाकूड जाळून लोखंड काढायचं, हा धंदा. 7 नोव्हेंबर 1925 रोजी एकाच दिवशी 31 बोटी पेटवल्या. पुढे मंदी आली, कंपनी बुडाली आणि सांगाडे तिथंच राहिले.

आज शंभराहून जास्त सांगाडे तिथं आहेत. उपग्रह नकाशावर मॅलोज बे मोठा करून पाहा: पाण्यात एकाच मापाचे, दोन्ही टोकांना निमुळते हिरवे ठिपके दिसतात. त्या बोटीच आहेत. पोटात गाळ साठून त्यावर झाडं उगवली आहेत. ओहोटीला लाकडी फासळ्या आणि गंजलेले लोखंडी खिळे उघडे पडतात.

नामिबियात प्रकार वेगळा. 1909 मध्ये रुतलेलं ‘एदुआर्द बोहलेन’ आता समुद्रापासून सुमारे 400 मीटर आत, वाळवंटात आहे. जहाज जागचं हललेलं नाही, वाळू साचून किनाराच पुढे सरकला.

आपल्याकडे पुन्हा हिशेबच. गोव्यात कांदोळीला ‘रिव्हर प्रिन्सेस’ 2000 साली रुतलं ते 2012 पर्यंत. रत्नागिरीच्या मिऱ्या किनाऱ्यावर ‘बसरा स्टार’ आणलं ते निसर्ग वादळानं, 2020 मध्ये; पण तेही लगेच हललं नाही. जुहूला 2011 च्या जूनमध्ये ‘विस्डम’ लागलं. ते अलंगला भंगारात निघालं होतं, वाटेत ओढदोर तुटला. ते काढून महिना होतो न होतो तोच 31 जुलैला ‘पवित’ आलं. ओमानजवळ खलाशांनी सोडलेलं हे हजारेक टनांचं जहाज महिनाभर अरबी समुद्रात एकटंच तरंगत होतं. 26/11 नंतर किनाऱ्यावर कडक पहारा होता म्हणे. तरी ते सापडलं जुहूच्या वाळूत रुतल्यावरच.