गाण्याची पट्टी आणि गिटारचा कॅपो : निवड कशी करावी?

समूहगीत बसवताना पहिला निर्णय शब्दांचा नसतो, चालीचाही नसतो. तो पट्टीचा असतो. पट्टी चुकली की चांगल्या गळ्याचे मूलही ध्रुवपदाच्या वरच्या स्वराशी येऊन अडखळते, आवाज फाटतो आणि कोणीतरी सहज बोलून जाते, ‘तुझ्याकडे सूर नाही.’ बाराव्या-तेराव्या वर्षी ऐकलेले असे वाक्य अनेकांनी आयुष्यभर जपलेले असते व त्यानंतर गाणे सोडलेले असते. वस्तुतः त्या वयात मुलांचा आवाज फुटत असतो. मुलग्यांचा आवाज हळूहळू जवळजवळ एका सप्तकाने खाली उतरतो, मुलींच्या आवाजातही थोडा बदल होतो. दोष मुलाचा नसतो, निवडलेल्या पट्टीचा असतो. ही पट्टी गळ्याप्रमाणे बदलण्याचे, गिटारवरील सर्वांत साधे आणि स्वस्त साधन म्हणजे कॅपो. निवासी शाळांतून व घरोघरी आता गिटार वाजू लागली आहे. म्हणून पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी या छोट्या वस्तूची ओळख करून घेणे उपयुक्त ठरेल.

‘कॅपो’ हा ‘कॅपोतास्तो’ या इटालियन शब्दाचा संक्षेप आहे. कॅपो म्हणजे गिटारच्या मानेवर आडवा बसणारा चिमटा. तो सहाही तारा एका ठरावीक पडद्याशी दाबून धरतो. तारेचा कंप पावणारा भाग त्यामुळे आखूड होतो व स्वर चढतो. एक पडदा पुढे सरकला की स्वर अर्ध्या स्वराने, म्हणजे हार्मोनियमवरील लगतच्या एका पट्टीने चढतो. 650 मिलिमीटर लांबीच्या तारेवर पहिला पडदा नटपासून सुमारे 36.5 मिलिमीटरवर असतो. पुढचे पडदे क्रमाने जवळ येत जातात आणि 12व्या पडद्यापाशी तार नेमकी निम्मी होऊन स्वर एका सप्तकाने वर जातो.

आपल्याकडे गायकाची पट्टी हार्मोनियमच्या भाषेत सांगितली जाते. त्या भाषेत कॅपोचा हिशेब असा मांडता येईल. सी कॉर्डचा मूळ आकार म्हणजे पांढरी एक. तोच आकार ठेवून कॅपो पहिल्या पडद्यावर लावला की काळी एक, दुसऱ्यावर पांढरी दोन, तिसऱ्यावर काळी दोन मिळते. जी कॉर्डचा आकार म्हणजे पांढरी पाच. पहिल्या पडद्यावर काळी चार, दुसऱ्यावर पांढरी सहा, तिसऱ्यावर काळी पाच. नवशिक्याच्या बोटांना सी, जी, डी हे आकार सोपे असतात, तर काळ्या पट्ट्यांसाठी तर्जनीने सहाही तारा दाबून धरणाऱ्या कठीण कॉर्ड लागतात. कॅपो ही अडचण दूर करतो.

एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी : कॅपो स्वर केवळ चढवतो, उतरवत नाही. पांढरी पाचमध्ये गाणे मुलांना उंच जात असेल आणि ते पांढरी चारमध्ये आणायचे असेल, तर जी चा आकार सोडून डी चा आकार घ्यावा व कॅपो तिसऱ्या पडद्यावर लावावा. किंवा सी चा आकार घेऊन पाचव्यावर लावावा. सातव्या पडद्यापलीकडे कॅपो नेल्यास तार फार आखूड होते, नाद पातळ होतो आणि बोटांना जागाही अपुरी पडते. अशा वेळी आकार बदलणेच इष्ट.

आता निवडीकडे वळू. बाजारात चार प्रकार प्रामुख्याने आढळतात. पहिला इलॅस्टिकच्या पट्ट्याचा. तो सर्वांत हलका व स्वस्त. परंतु पट्टा काही काळाने सैल पडतो, आणि लावणे-काढणे वेळखाऊ असते. दुसरा स्प्रिंगच्या चिमट्याचा. ‘कायझर’ या अमेरिकी कंपनीमुळे तो विशेष परिचित आहे. एका हाताने क्षणात लावता येतो, म्हणून कार्यक्रमात सोयीचा. मात्र त्याचा दाब स्प्रिंग ठरवते, वाजवणारा नाही. दाब जास्त असेल तर तारा ताणल्या जाऊन सूर चढा लागतो. तिसरा स्क्रूचा. त्यात दाब हवा तेवढाच देता येतो. लावण्यास थोडा वेळ लागतो, पण सूर अधिक नेमका राहतो. चौथा खटक्याचा, ‘शब’ कंपनीच्या धर्तीचा. मागचा छोटा स्क्रू एकदा जुळवून ठेवला की खटका दाबताच तोच दाब पुन्हा मिळतो. वेग व नेमकेपणा यांचा मेळ हवा असेल त्याला हा उत्तम.

प्रकारापेक्षाही महत्त्वाचे आहे ते कॅपो आपल्या गिटारला बसतो का, हे पाहणे. पोलादी तारांच्या अकूस्टिक गिटारची मान वरून किंचित गोलाकार असते आणि नटपाशी तिची रुंदी सुमारे 43 ते 45 मिलिमीटर असते. नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारची मान सपाट असून रुंदी साधारण 52 मिलिमीटर असते. गोलाकार कॅपो सपाट मानेवर लावला तर कडेच्या तारांवर जादा दाब पडतो, मधल्या तारा नीट दाबल्या जात नाहीत व खरखरतात. सपाट कॅपो गोल मानेवर लावला तर याच्या उलट होते. बारा तारांच्या गिटारला अधिक दाब देणारा कॅपो लागतो. म्हणून खरेदीला जाताना शक्यतो आपली गिटार सोबत न्यावी. निदान ती पोलादी तारांची की नायलॉनची, एवढे तरी दुकानदारास सांगावे.

दुकानातच पुढील परीक्षा घ्यावी. गिटार आधी सुरात लावावी. कॅपो दुसऱ्या पडद्यावर, पडद्याला समांतर व त्याच्या अगदी मागे बसवावा. दोन पडद्यांच्या मधोमध नव्हे. मग सहाही तारा एकेक छेडाव्यात. एखादी तार बोथट वाजली वा खरखरली तर दाब अपुरा अथवा आकार विजोड समजावा. मात्र पडदाच झिजलेला असू शकतो, म्हणून शेजारच्या पडद्यावरही तपासावे. सर्व तारा चढ्या लागत असतील तर दाब अधिक आहे. त्यानंतर रबर पाहावे : ते मऊ नसावे, दगडासारखे कठीणही नसावे, आणि शक्य तर बदलून मिळणारे असावे. शेवटी मानेच्या पाठीला टेकणाऱ्या भागावर धातू उघडा नाही ना, हे पाहावे. अन्यथा लाकडावर ओरखडे पडतात.

कॅपो काही शे रुपयांपासून मिळतो. नामांकित कंपन्यांचा त्याहून बराच महाग असतो. एकट्याने घरी सराव करणाऱ्या विद्यार्थ्यास मध्यम किमतीचा स्क्रूचा कॅपो पुरेसा आहे. एकच गिटार अनेक मुले वाजवत असतील, तर दाब जुळवता येणारा व सहज न मोडणारा कॅपो घेण्यातच काटकसर आहे. कोणताही घेतला तरी लावल्यानंतर सूर पुन्हा तपासावा आणि वाजवून झाल्यावर तो काढून ठेवावा. रात्रभर मानेवर राहिल्यास रबरावर तारांच्या खाचा उमटतात.

हार्मोनियमसोबत वाजवताना आणखी एक दक्षता घ्यावी. जुन्या पेट्यांचा स्वर प्रमाण स्वरापेक्षा किंचित वर वा खाली असू शकतो. कॅपो अर्ध्या स्वराच्या पायरीनेच चढतो, हा सूक्ष्म फरक तो भरून काढू शकत नाही. तेव्हा आधी गिटारच्या तारा पेटीशी मिळवून घ्याव्यात, नंतर कॅपो लावावा.

कॅपो ही आळशाची कुबडी आहे, असा एक आक्षेप ऐकू येतो. त्यात अंशतः तथ्य आहे. कठीण कॉर्ड टाळण्यासाठी कायम कॅपोच वापरला तर हात तयार होत नाही. म्हणून विद्यार्थ्याने रोजच्या सरावाचा काही वेळ कॅपोविना, पूर्ण दाबाच्या कॉर्डसाठी राखून ठेवावा. परंतु गाणाऱ्याच्या गळ्याला वाद्याने जुळवून घेणे हा आळस नव्हे. ते साथीदाराचे कर्तव्य आहे. मुलाने वाद्याप्रमाणे ओरडावे, यापेक्षा वाद्याने मुलाप्रमाणे सरकावे, हेच योग्य.

शाळेला वाद्य भेट देण्याचा विचार करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना म्हणून एक विनंती. गिटारसोबत तारांचा एक जादा संच आणि तिच्या मानेला बसणारा एक चांगला कॅपो अवश्य द्यावा. आणि संगीत शिकवणाऱ्यांनी समूहगीत बसवताना आधी मुलांना गाऊ द्यावे, सर्वांत वरचा व सर्वांत खालचा स्वर कोणाला जड जातो ते पाहावे, मग पट्टी ठरवावी. दोन-तीन पडद्यांच्या अंतराने एखादे गप्प बसलेले मूल पुन्हा गाऊ लागते.