नार्को टेस्ट : सुई टोचली की सत्य बाहेर येते?

गाजलेल्या गुन्ह्यातला आरोपी तोंड उघडत नसला, की ‘नार्को टेस्ट करा, सगळे बाहेर येईल’ अशी मागणी हमखास होते. इंजेक्शन दिले की माणूस खरेच बोलतो, हा समज चित्रपटांनी पक्का केला आहे. वैद्यकशास्त्र मात्र तसे सांगत नाही.

या चाचणीत सोडियम पेंटोथाल हे औषध शिरेतून थोडे थोडे देतात. मुळात ते शस्त्रक्रियेपूर्वी भूल देण्याचे औषध. कमी मात्रेत गुंगी येते, संकोच सुटतो, माणूस बोलू लागतो. पण त्या बोलण्यात आठवणी, कल्पना आणि प्रश्न विचारणाऱ्याने सुचवलेल्या गोष्टी यांची सरमिसळ होते. काही जण गुंगीतही खोटे बोलू शकतात. मात्रा जास्त झाली तर श्वास मंदावतो, रक्तदाब घसरतो. म्हणूनच भूलतज्ज्ञ हजर लागतो.

पॉलिग्राफ नाडी, रक्तदाब, श्वास आणि त्वचेवरचा घाम यांतले बदल नोंदवतो. म्हणजे तो खोटेपणा नव्हे, ताण मोजतो. पोलिसांसमोर निरपराध माणसालाही घाम फुटतोच. ब्रेन मॅपिंगमध्ये ओळखीचे चित्र किंवा शब्द समोर आल्यावर साधारण ३०० मिलिसेकंदांनी मेंदूत उमटणारी विद्युतलहर पाहतात. पण ती ओळख घटनास्थळी झाली की वर्तमानपत्रातला फोटो पाहून, हे लहर सांगत नाही.

तरीही या चाचण्या आरोपींच्या इच्छेविरुद्ध होत होत्या. बनावट मुद्रांक घोटाळ्यात मुंबई उच्च न्यायालयाने २००४ मध्ये त्यांना परवानगीही दिली. अखेर ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ प्रकरणात ५ मे २०१० रोजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील सर्वोच्च न्यायालयाच्या त्रिसदस्यीय पीठाने ही सक्ती घटनाबाह्य ठरवली. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याच्या सक्तीपासून वाचवणारा अनुच्छेद २०(३) आणि जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य जपणारा अनुच्छेद २१, हे त्याचे आधार.

मग बोटांचे ठसे, रक्ताचे नमुने कसे घेतात? ठसा कोणी घेतला तरी तोच राहतो. त्यासाठी माणसाला काही सांगावे लागत नाही. ठसे देणे म्हणजे साक्ष देणे नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच स्पष्ट केले होते. मनातली माहिती सांगायची की गप्प राहायचे, ही निवड मात्र ज्याची त्यानेच करायची असते. गुंगीचे औषध नेमकी तीच हिरावून घेते.

संमती असेल तर चाचणी होऊ शकते. ती संमती न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवावी लागते आणि आधी वकिलाचा सल्ला मिळायला हवा. तरीही चाचणीचा निष्कर्ष हा पुरावा ठरत नाही. स्वेच्छेने केलेल्या चाचणीतील माहितीवरून पुढे एखादी वस्तू सापडली, तर ती पुरावा म्हणून मांडता येते.

शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टर आपली सही घेतात, कारण आपल्या शरीरावर पहिला हक्क आपला असतो. कोठडीत गेल्यावर तो हक्क संपत नाही. त्यामुळे पुढच्या वेळी ‘आरोपीचा नार्कोला नकार’ अशी बातमी वाचली, तर त्यात गुन्ह्याची कबुली शोधू नये. तो नकार म्हणजे राज्यघटनेने प्रत्येकाला दिलेल्या हक्काचा वापर आहे.