धूर आणि झाडाचा निरोप

आगाशीची सुकेळी तुम्ही खाल्लीच असतील. ती राजेळी केळ्यांची होतात. पण केळे आधी पिकावे लागते ना! पूर्वी बागवाले कच्ची केळी बंद खोलीत रचत आणि आत गोवऱ्यांचा धूर कोंडत. थोड्या दिवसांत केळी पिवळी. ऊब लागली म्हणून पिकली, असे लोक म्हणत. आम्हीही शाळेत बरीच वर्षे तेच शिकवले. ते अर्धेच खरे होते.

धुरात इथिलीन नावाचा वायू असतो. गंमत अशी की, हाच वायू झाड स्वतःही तयार करते. फळ पिकायला आले, पान जुने झाले, फांदीला जखम झाली, की झाड तो सोडते. तो झाडाचा निरोप. फळाला सांगतो, पीक. पानाला सांगतो, गळ. मग देठ जिथे फांदीला जोडलेला असतो, तिथला पातळ थर सैल पडतो आणि पान खाली येते. असे निरोप देणाऱ्या पदार्थांना संप्रेरके म्हणतात.

हे कळले कसे? युरोपात पूर्वी रस्त्यावर गॅसचे दिवे असत. जमिनीतली नळी गळली की जवळच्या झाडांची पाने अवेळी झडत. 1901 साली रशियातल्या नेल्युबोव यांनी वाटाण्याच्या कोंबांवर प्रयोग केले. गॅसमधले इथिलीनच कोंबांची वाढ बिघडवते, हे त्यांनी दाखवले.

म्हणजे धुराने झाड चक्क फसते. बाहेरचा वायू त्याला आपलाच निरोप वाटतो.

आपल्याकडे मुंबई-अहमदाबाद महामार्गावर मोटारींची रांग तुटत नाही. त्या धुरात इथिलीन असते. शिवाय धुरावर ऊन पडले की ओझोन नावाचा वायू होतो. तो पानाच्या बारीक छिद्रांतून आत शिरून पान जाळतो. मग जखमी झाड स्वतःच जास्त इथिलीन करते, आणि पान लवकर म्हातारे होते.

झाडाकडे दुसरे एक संप्रेरक आहे. ते ही छिद्रे मिटते. पाणी कमी पडले की झाड ते वाढवते. छिद्रे मिटली की विष कमी शिरते खरे, पण अन्न करायला लागणारी हवाही त्याच वाटेने येते. वाढ खुंटते.

उत्तर प्रदेशात आणि बिहारात वीटभट्ट्यांजवळच्या आंब्याचे टोक आधी पिवळे, मग काळे पडते. ती कीड नव्हे, भट्टीच्या धुराचे काम. त्या धुरात गंधकाचा वायू आणि इथिलीन दोन्ही असतात. म्हणून आमराई भट्टीपासून दीडेक किलोमीटर लांब ठेवावी, भट्टीचे धुराडे उंच करावे, असे जाणकार सांगतात. भट्ट्या आपल्या जिल्ह्यातही आहेत. तेव्हा पाने अवेळी झडू लागली, तर औषध फवारण्याआधी वारा कुठून येतो आणि त्या बाजूला काय जळते, ते बघून यावे.